दातखिळी, गोळ्या आणि हिरड्या

फिट आलेल्या माणसाभोवती जी गर्दी जमते, तिच्यात एक जण कांदा शोधत असतो आणि एक जण चमचा. कांद्याने काही होत नाही. झटका आपल्या वेळेने, बहुधा दोन-तीन मिनिटांत, थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते. चमच्याने मात्र होते. झटक्याच्या सुरुवातीला अंगातले स्नायू आखडतात, त्यांत जबडा मिटवणारे स्नायूही आले. आपण ज्याला दातखिळी म्हणतो ती हीच. जीभ चावली जायची असेल तर ती बहुतेक तेव्हाच चावून होते. चमचा येईपर्यंत वाचवण्यासारखे काही उरलेले नसते, मोडण्यासारखे दात तेवढे असतात. माझा वरचा पुढचा दात आज अर्धा आहे तो चमच्यामुळे. फिटमध्ये माणूस जीभ गिळतो, हाही गैरसमजच. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे, घड्याळाकडे लक्ष ठेवावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ला फोन करावा. तोंडात काही घालू नये, पाणीसुद्धा.

मला सतराव्या वर्षापासून अपस्मार आहे. मी डॉक्टर नाही. गोळ्यांच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद वाचता वाचता नाद लागला, आणि गेली पंधराएक वर्षे या आजारावरचे जुने-नवे लेख मिळतील तिथून मिळवून वाचतो आहे. फिटवर एका डॉक्टरांकडे उपचार होतात, दातांवर दुसऱ्यांकडे, आणि एकाने काय दिले हे दुसऱ्याला कळतच नाही. या लेखातल्या बहुतेक अडचणी त्यातून निघालेल्या आहेत.

त्यातली सर्वांत जुनी अडचण फेनिटॉइनची. आपल्याकडे पुष्कळ घरांत ही गोळी 'एप्टॉइन' या नावाने ओळखतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश बिल्ट्झ यांनी १९०८ साली हे द्रव्य तयार केले, पण पुढे तीस वर्षे अपस्मारासाठी त्याचा कोणाला उपयोग सुचला नाही. तेव्हा फिटवर ब्रोमाइड नाहीतर फेनोबार्बिटोन देत, आणि दोन्हींनी माणूस पेंगत राही. १९३८ साली बॉस्टनच्या मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर विजेचे झटके देऊन केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की फारशी गुंगी न आणताही फेनिटॉइन झटके रोखते. केवढी मोठी गोष्ट होती ही! रुग्ण जागेपणी काम करू लागला. लगेच पुढच्या वर्षी, १९३९ साली, किंबॉल या अमेरिकन डॉक्टरांनी या रुग्णांच्या हिरड्या वाढत असल्याचे नोंदवले.

ही वाढ पुढच्या दोन दातांमधल्या हिरडीच्या त्रिकोणी टोकापासून सुरू होते, बहुधा औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षातच. टोक फुगते, शेजारच्या टोकाला भिडते आणि दात हळूहळू झाकला जातो. निरनिराळ्या पाहण्यांचे आकडे वेगळे असले तरी साधारण निम्म्या लोकांत ती कमीअधिक दिसते. हिरडीतल्या पेशी एक चिवट धागा बनवत असतात आणि जुना मोडतही असतात. या औषधाने मोडण्याचे काम मंदावते. मात्र औषध एकटे एवढे करत नाही, दातांवर बसणारा चिकट थर त्याला साथ देतो. दात पडलेल्या जागी हिरडी सहसा वाढत नाही, यातच त्याचा पुरावा आहे. फुगलेल्या हिरडीखाली ब्रश पोचत नाही, म्हणून थर वाढतो, आणि थर वाढला की हिरडी आणखी फुगते. कापून काढली तरी औषध तेच आणि सफाई तशीच राहिली तर ती पुन्हा येते. घासताना रक्त येते म्हणून लोक घासणेच सोडतात, किंवा मशेरीवर येतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिने हिरड्यांचे नुकसानच होते.

हिरडी पाहून गोळी आपल्या मनाने बंद करणारेही मी पाहिले आहेत. हे जिवावर बेतू शकते, कारण एकदम बंद केल्याने एकामागून एक, न थांबणारे झटके येऊ शकतात. गोळी बदलता येते, पण ती फिटच्या डॉक्टरांनी, हळूहळू.

आता लपवण्याविषयी. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला अपस्मारही होता, आणि तो लग्नाच्या आड येई. १९९९च्या दुरुस्तीने तो शब्द गेला. घरांतून मात्र तो अजून गेलेला नाही. ठरलेले लग्न मोडेल म्हणून मुलीच्या गोळ्या डब्यात लपवणारी घरे आहेत. जे सासरी सांगितलेले नसते ते सासूबरोबर दवाखान्यात गेल्यावर दातांच्या डॉक्टरांना कसे सांगणार?

न सांगितल्याने काय होते ते पाहा. कार्बामाझेपिन चालू असताना एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिले, तर कार्बामाझेपिनचे रक्तातले प्रमाण वाढते. चक्कर येते, एकाचे दोन दिसते. व्हॅल्प्रोएटने काहींच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, म्हणून दाढ काढण्याआधी रक्त तपासलेले बरे, आणि दुखण्यावर ॲस्पिरिन नको. ट्रामाडॉल या वेदनाशामकाने फिट येण्याची शक्यता वाढते. भुलीच्या इंजेक्शनची धास्ती मात्र नको, नेहमीच्या मात्रेत ते चालते. एवढे सगळे पाठ करायचे कारण नाही. आपल्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि शेवटची फिट कधी आली, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्यावी. सर्वांसमोर बोलावे लागत नाही.

जायच्या दिवशी गोळी चुकवू नये, उपाशी जाऊ नये, आदल्या रात्री जागरण नको. दिव्याचा झोत डोळ्यांवर येत असेल तर काळा चष्मा मागावा. झटका येण्याआधी ज्यांना पोटात कालवल्यासारखे किंवा तसले काही जाणवते, त्यांनी हात वर करण्याची खूण आधीच ठरवून घ्यावी, म्हणजे अवजारे वेळेत तोंडाबाहेर निघतात.

पडलेल्या दाताच्या जागी काढघालीची कवळी स्वस्तात बसते, पण झटक्यात ती मोडते आणि तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो. नुसत्या ॲक्रिलिकचा तुकडा एक्स-रेमध्ये सहसा दिसतही नाही. म्हणून झटके चालू असणाऱ्यांना शक्यतो पक्का बसवलेला दात सुचवतात, आणि काढघालीचीच घ्यावी लागली तर धातूची पट्टी असलेली. झटक्यानंतर दात तुटलेला दिसला तर तुकडा अंथरुणात, कपड्यांत शोधावा. नाही सापडला, तर छातीचा एक्स-रे त्याच दिवशी काढून घ्यावा.