रक्ताची घाई

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझी भाची राहुरीहून बाळंतपणासाठी नगरला आली होती. (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेवर अजून नगरच येते.) बाळ सुखरूप आले, पण भाचीचा रक्तस्राव काही केल्या थांबेना. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी रक्तपेढीकडे धावलो.

पिशव्या घेऊन परतलो, तर एक सिस्टर पिशवीवरचा गट, क्रमांक, मुदत मोठ्याने वाचू लागल्या आणि दुसऱ्या कागदांशी ताडून पाहू लागल्या. माझा संताप झाला.

"सिस्टर, पोरगी हातची जातेय, आणि तुमचे वाचन कसले चालले आहे?"

त्यांनी वर पाहिलेही नाही. पिशवी बर्फासारखी गार होती. "निदान गरम पाण्याच्या नळाखाली धरू का?" मी विचारले.

"सर, हात लावू नका!"

भाची वाचली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी चहा पिता पिता माझे अज्ञान दूर केले. साठवलेले रक्त 2 ते 6 अंश सेल्सियसला ठेवतात. सावकाश दिले तर शरीर ते सहज ऊबदार करून घेते. पण मिनिटामिनिटाला पिशवी रिकामी होऊ लागली, की अंग गार पडते, हृदयाचा ठोका चुकू लागतो आणि रक्त गोठेनासे होते. म्हणजे जो रक्तस्राव थांबवायचा, तोच वाढतो! भीतीने रक्त गोठते असे आम्ही मराठीचे मास्तर वर्षानुवर्षे शिकवीत आलो. गारठलेले रक्त गोठतच नाही, हे मला तेव्हा कळले. म्हणून वेगाने रक्त देताना ते खास यंत्रातून कोमट करून देतात. नळाच्या कढत पाण्याने तांबड्या पेशी फुटल्या असत्या.

शिवाय पिशवीत रक्त साकळू नये म्हणून सायट्रेट घातलेले असते. ते शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. यकृत सायट्रेटचा निचरा करते, पण त्यालाही उसंत हवी. वेग वाढला, की डॉक्टरांना कॅल्शियमवर लक्ष ठेवून ते वेगळ्या शिरेतून द्यावे लागते.

आणि ते वाचन? चुकीच्या गटाचे थोडे रक्तही जिवावर बेतते. अशा अपघातांमागे बहुधा नावाची वा क्रमांकाची गफलत असते. 'ओ' गट सर्वांना चालतो, असे आपण शाळेत घोकले. पण 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त शोधले, की नेहमीच्या चाचणीत ते 'ओ'सारखे दिसे, आणि 'ओ'चे रक्तही त्याला सोसत नसे. 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. शहराचे नाव बदलले, तरी त्या गटाचे नाव अजून 'बॉम्बे'च आहे. भारतात सुमारे 10,000 माणसांत असा एक सापडतो. अशा माणसाला त्याच गटाचे रक्त लागते. जुळवणीची चाचणी पूर्ण केली तर तो ओळखू येतो, पण तिला पाऊण तास लागू शकतो. रोगी तेवढा थांबणार नसेल, तर न जुळवता 'ओ' देण्याचा धोका डॉक्टर जाणूनबुजून पत्करतात. माझ्या भाचीच्या वेळी तेवढा वेळ मिळाला, एवढेच.

बारशाला त्या सिस्टरांना आग्रहाचे बोलावणे धाडले होते. आल्या नाहीत, रात्रपाळी होती. पेढे मीच नेऊन दिले. त्यांनी आधी पुड्यावरचे नाव वाचले.