आखूड काडतुसाचं नशीब

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याने तीन जीव घेतले. त्यांत दोन लेकरं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि शेवटी नेमबाजांनी त्या बिबट्याला गोळी घातली. असं काही घडलं की गावोगावी एक प्रश्न हमखास निघतो: याला रायफल कोणती लागते, काडतूस कोणतं? ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांना उत्तरादाखल अमेरिकी ‘शॉर्ट मॅग्नम’ची नावं सापडतात. त्या काडतुसांचे गुण खरे आहेत. पण काडतूस जगतं की मरतं, हे त्याच्या गुणांवर फार थोडं ठरतं. शिरूर-दौंडच्या मातीतून पाहिलं तर ते जास्त स्पष्ट दिसतं.

आधी त्याची बांधणी. दारू भरलेली पितळी पुंगळी, बुडाला टोपी, तोंडाला गोळी, एवढंच काडतूस. जास्त वेग हवा तर जास्त दारू हवी, म्हणून जुन्या मॅग्नमच्या, म्हणजे जादा दारूच्या काडतुसांच्या, पुंगळ्या लांब होत गेल्या. १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने काढलेल्या .३७५ च्या बुडाशी एक कडी होती. १९६३ च्या .३०० विंचेस्टर मॅग्नमने ती कडी ठेवली, पुंगळी थोडीच आखूड केली. विंचेस्टरने २००० च्या सुमाराला .३०० शॉर्ट मॅग्नम आणलं तेव्हा कडी गेली, पुंगळी साडेसहासष्ट मिलिमीटरवरून सव्वात्रेपन्नवर आली आणि घेर वाढला. उंच लोट्यातलं धान्य पसरट गडूत ओतावं तसं. दारूचा थर आखूड आणि रुंद असला की टोपीची ज्वाळा त्यातून एकसारखी फिरते, हा त्यामागचा विचार. १९७५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या पाल्मिसानो आणि पिंडेल या दोघांनी अचूक नेमबाजीसाठी बनवलेल्या पीपीसी काडतुसाने त्याची चुणूक आधीच दाखवली होती.

फळ चांगलं मिळालं. पावणेबारा ग्रॅमची गोळी नव्या काडतुसातूनही सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास निघते, म्हणजे जुन्या लांब मॅग्नमइतकीच, आणि तीही काहीशा कमी दारूत. पूर्ण काडतूस सव्वा सेंटिमीटरने आखूड, त्यामुळे बोल्ट कमी मागे ओढावा लागतो आणि रायफल आटोपशीर होते. उंच डोंगरात दिवसभर पायपीट करणाऱ्या शिकाऱ्याला हा फरक खांद्यावर कळतो.

तरी बाजाराने त्याला हवं तसं घेतलं नाही. माझ्या मते मुख्य चूक घाईची झाली. .३०० पाठोपाठ .२७० आणि ७ मिलिमीटर आलं, २००५ मध्ये .३२५ आलं. मधल्या काळात याहून आखूड अशी ‘सुपर शॉर्ट’ भावंडंही आणली गेली. रेमिंग्टनने त्याच सुमाराला आपली वेगळी आखूड जोडी उतरवली. दुकानदाराने किती जातींची खोकी फळीवर ठेवायची? गिऱ्हाईक थबकलं. ज्याच्या घरी आधीच .३०० विंचेस्टर मॅग्नम होती, त्याला तेवढ्याच वेगासाठी नवी रायफल घेण्याचं कारण दिसेना. घेर जास्त म्हणून मॅगझिनमध्ये काडतुसं कमी मावत. पुंगळीचा खांदा उभट, त्यामुळे काही रायफलींत काडतूस नळीत सरळ सरकत नाही अशी तक्रार होती. त्यात २००६ मध्ये विंचेस्टरचा न्यू हेवनचा जुना कारखानाच बंद पडला. सुपर शॉर्ट विरली, रेमिंग्टनची जोडी मागे पडली. .३०० आणि .२७० तेवढी टिकली. आणि २०१८ मध्ये हॉर्नडीचं ६.५ पीआरसी तशाच आखूड, घेरदार पुंगळीवर आलं आणि चाललं, कारण लांब गोळीला लागणारा आट्यांचा पीळ रायफलीच्या नळीत पहिल्यापासून दिलेला होता. कल्पना तीच, वेळ आणि तयारी वेगळी.

आपल्याकडे हा खेळ याच्या शंभर वर्षं आधी झाला, आणि तो सरकारने खेळला. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस काढलं. मोठ्या जनावरासाठी ते नावाजलं गेलं. पण जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा बोर, म्हणजे नळीचा आतला व्यासही .४५०च होता. त्या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागतील या भीतीने १९०७ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानात या बोरवर बंदी घातली. लंडनच्या कारागिरांनी लगोलग .४७० आणि त्याची भावंडं तयार केली. आज जगात .४७० विकत मिळतं, .४५० ची मात्र जुनी सद्दी परत आली नाही. त्याच्या बांधणीत काहीही खोट नव्हती.

थ्री नॉट थ्रीचंही तेच. ते लष्करी, म्हणून साध्या परवानाधारकाला वर्ज्य. त्याच्या जागी ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसावरून बेतलेलं .३१५ रुळलं. वेग बेताचा, गोळी जड, पुंगळी जुन्या वळणाची. पण सरकारी आयुधनिर्माणीने ली-एनफील्ड बांधणीची .३१५ रायफल बनवली आणि काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होऊ लागलं. १८६९ मध्ये उभा राहिलेला हा कारखाना शिरूरपासून साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं त्याचीच. बाहेरची रायफल आणणं सामान्य माणसाला गेली कित्येक दशकं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून देशभर परवान्याची रायफल म्हटली की .३१५ च डोळ्यांसमोर येते. शॉर्ट मॅग्नमशी तिची गाठ कधी पडलीच नाही.

पडली असती तरी आपल्याकडे शॉर्ट मॅग्नमला जागा कुठे होती? तिचा खरा गुण तीनशे मीटरपलीकडे दिसतो. तशी जागा म्हणजे दौंडच्या दक्षिणेचा, सुप्याकडचा उघडा माळ, जिथे चिंकारा दुरून टिपता यायचा. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली आणि १९९७ मध्ये सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य झालं. पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं ते गवत आज चिंकाऱ्याचं आहे, आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

उरला ऊस. चासकमानच्या कालव्याने शिरूरला आणि खडकवासल्याच्या कालव्याने दौंडला पाणी आलं, ऊस वाढला आणि जुन्नरकडचा बिबट्या त्या उसातून इकडे पसरला. उसात जनावर दिसतं ते वीस-तीस मीटरवर, तेही क्षणभर. तिथे नऊशे मीटरच्या वेगाचा उपयोग काय? उलट ती गोळी जनावरातून आरपार जाते, कांड्यांना लागून दिशा बदलते आणि पुढे किलोमीटरभर घातक राहते. आपल्याकडे माणसं गावठाणात कमी आणि शेतातल्या वस्त्यांवर जास्त राहतात. रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला शेतकरी अंधारातच बांधावर असतो. अशा जागी मॅग्नम नको, आणि .३१५ सुद्धा सराईत हातातच हवी.

बिबट्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला मारण्याचा आदेश कलम ११ खाली फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तोही जनावर पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल तरच. पिंजरा, भुलीचं इंजेक्शन आणि मग रायफल हा क्रम बरोबर आहे. तो वेगाने पार पडावा यासाठी वन खात्याला पिंजरे, माणसं आणि भुलीच्या बंदुका पुरेशा मिळाल्या पाहिजेत. पिंपरखेडच्या आईबापांचा राग तिथेच होता आणि तो रास्त होता.

शिरूर-दौंडच्या ज्या घरांत परवान्याची बंदूक आहे, त्यांना एक विनंती. रानडुकराच्या रागाने असो की बिबट्याच्या भीतीने, अंधारात उसाच्या दिशेने बार काढू नका. तोडणीच्या दिवसांत उसाच्या पलीकडच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात, आणि त्यांत पोरं झोपलेली असतात.