उमरखेडची शिस्त

निजामाच्या राजवटीविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व एका संन्याशाने केले. परंतु तो संग्राम प्रत्यक्ष लढला तो बव्हंशी गृहस्थांनी, ही गोष्ट आपल्या स्मरणातून सहसा निसटते. स्वामी रामानंद तीर्थांना घरदार नव्हते. त्यांच्या हाकेला ओ देणाऱ्या नांदेड-लातूरकडील वकिलांना, शिक्षकांना आणि पाटील-देशमुखांना मात्र शेतसारा होता, म्हातारे आईबाप होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीनंतर त्याच संसारात परतून उरलेले आयुष्य काढावयाचे होते. त्यांतील बहुतेकांची नोंद सरकारी दप्तरात झाली ती सन्मान-निवृत्तिवेतनाच्या अर्जापुरती. त्यांच्यापैकीच शंकरराव भाऊराव चव्हाणांचे नाव मात्र थेट दिल्लीच्या गृहमंत्रालयापर्यंत पोहोचले. तथापि पदांची जंत्री क्षणभर बाजूस सारून, छावणीतून घरी परतलेला एक करारी गृहस्थ म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर हा मनुष्य अधिक उलगडतो, असे मला वाटते.

१४ जुलै १९२० रोजी पैठण येथे जन्मलेल्या, उस्मानिया विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने स्वामीजींच्या आवाहनावरून वकिलीकडे पाठ फिरविली आणि लढ्याच्या अखेरच्या पर्वात उमरखेडच्या छावणीत काम केले. पैनगंगेच्या दक्षिणेस निजामाचा हदगाव तालुका, उत्तरेस वऱ्हाडातील उमरखेड. नदी ओलांडली की मुलूख बदले, कायदा बदले, चलनही बदले. अशा सरहद्दीवरून करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करावयाची, ठाण्यांवर छापे घालावयाचे आणि निजामसमर्थक रझाकारांच्या जुलमाने परागंदा झालेल्या कुटुंबांची व्यवस्थाही पाहावयाची, असा तो दुहेरी उद्योग होता. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी उमरीची बँक लुटली. त्या लाखोंच्या रकमेचा हिशेब स्वामीजींनी पुढे चोख दिला, याचा अभिमान त्या पिढीला लुटीच्या धाडसाहूनही अधिक वाटे. शंकररावांच्या स्वभावाची गुरुकिल्ली मला येथेच सापडते.

कारण पुढे नांदेडचे नगराध्यक्ष, धर्माबादचे आमदार आणि दीर्घकाळ पाटबंधारे मंत्री म्हणून वावरताना त्यांनी हीच हिशेबी कठोरता बाळगली. अधिकाऱ्याने टिपण वाचल्यावाचून समोर यावे आणि त्याची गय व्हावी, हे त्यांच्या दरबारात संभवत नसे. ‘हेडमास्तर’ हे बिरुद त्यांना चिकटले ते उगीच नव्हे. १९८६ मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्पाचा आग्रह धरला, म्हणजे गतवर्षी खर्च झाला एवढ्यावरून यंदा कपर्दिकही मिळणार नाही, गरज नव्याने सिद्ध करा, हा छावणीतला न्याय मंत्रालयास लावला. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली तेव्हा खाते त्यांचे होते, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्रार्पण केले तेव्हा राज्य त्यांचे होते. नांदेडनजीक विष्णुपुरीचा जलाशय आज शंकरसागर म्हणूनच ओळखला जातो.

या शिस्तीची एक काळी बाजूही नमूद केली पाहिजे. निजामाच्या एकतंत्री सत्तेविरुद्ध लढलेला हा सैनिक आणीबाणीच्या काळात महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता, आणि त्याच लढ्यातील त्याचे सहकारी, ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव, त्या काळात तुरुंगात होते. स्वामीजींच्या मुशीतून निघालेली दोन माणसे गजांच्या दोन बाजूंस उभी राहावीत, याचा उलगडा ‘वरिष्ठांची आज्ञा’ या दोन शब्दांनी होत नाही. आणि आज्ञाधारकपणा हा सैनिकाचा गुण असला तरी राज्यकर्त्याचा नव्हे, असे माझे मत आहे. १९७७ नंतर काँग्रेस पक्षाबाहेर पडून त्यांनी स्वतःची चूल मांडली खरी, परंतु ती फार काळ पेटली नाही.

उत्तरायुष्यात अर्थ, संरक्षण, गृह अशी खाती सांभाळूनही त्यांचा पत्ता मनाने नांदेडचाच राहिला. पैठणच्या या माणसाने पत्नी कुसुमताईंसह संसार थाटला तो नांदेडात. सत्यसाईबाबांवरील श्रद्धा, साधा धोतर-सदरा आणि मोजके बोलणे, एवढ्यावर त्यांचे खासगी जीवन चाले. २६ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

लातूरशी त्यांचा संबंध मात्र सत्तेच्या वहिवाटीतून असा काही जुळला की त्याची गंमत वाटावी. १९८६ साली लातूर जिल्ह्यातील निलंग्याच्या शिवाजीराव पाटलांनी रिकामी केलेली मुख्यमंत्र्यांची खुर्ची शंकररावांकडे आली. त्यांच्या त्या मंत्रिमंडळात लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव देशमुख होते. आणि २००८ च्या डिसेंबरात विलासराव पायउतार झाले तेव्हा ती खुर्ची पुन्हा नांदेडास, शंकररावांचे चिरंजीव अशोकरावांकडे गेली.