उंबराचा कामाचा दिवस

कळसाडी, वैशाख.

पहाटे ५:३०
विहिरीजवळच्या बांधावरचं उंबर खोडापासून फांद्यांपर्यंत लगडलंय. पिकू लागलेल्या एका फळाला सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं. आतल्या नर केंबऱ्यांनी, म्हणजे उंबरातल्या चिमुकल्या किड्यांनी, ते कोरलंय. नरांना पंख नसतात. माद्यांशी मीलन करायचं, त्यांना वाट करून द्यायची आणि मरायचं, एवढंच त्यांचं काम. अंगावर पराग घेऊन माद्या त्या वाटेने बाहेर पडतायत.

सकाळी ७:००
मादी जेमतेम २ मिलिमीटरची, आयुष्य एखाद-दोन दिवसांचं. तेवढ्यात वासाच्या मागावर कोवळ्या फळांचं उंबर गाठायचं. फळाच्या तोंडाशी वाट इतकी चिंचोळी, की आत घुसताना तिचे पंख तुटतात. आत असंख्य फुलं दडलेली. काहींना ती पराग देते, काहींत अंडी घालते आणि तिथेच मरते. ती आली नाही तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर तिचा वंश चालत नाही.

सकाळी १०:००
फळांवर मुंग्यांची गस्त सुरू. काही दुसरे केंबरे पराग न देताच बाहेरून लांब सुई खुपसून अंडी घालतात. मुंग्या त्यांना धरतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा व्यवहार वर्षानुवर्षं अभ्यासलाय.

दुपारी १२:३०
शेजारचे काका आले. "भाऊ, एवढ्या सावलीत कापूस यायचा नाही. तोडून टाक." त्यांचं खरं आहे, बांधालगतच्या दोन-चार ओळी दरवर्षी खुरटतात. पण पपईच्या वावरातून आलेल्या बाया भाकरी सोडायला याच सावलीत बसल्यात, बैलही इथेच रवंथ करतायत.

दुपारी ४:००
पडलेली फळं शेळ्या वेचतात. वर तांबट, बुलबुल, कोकीळ आणि आपला राज्यपक्षी हरियाल. रानात खाण्यासारखं फारसं उरलेलं नसताना हे झाड सगळ्यांना पोसतं. वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा सांगताना उंबराचंही नाव घेतलंय. आमची विहीर खोदणाऱ्यांनीही जागा निवडली ती याच झाडाजवळ.

संध्याकाळी ७:३०
वटवाघळं आली. फळ तोंडात धरून दूरच्या झाडावर नेतात, तिथे खातात. त्यांच्या विष्ठेतून बी ओढ्याकाठी, दरडीत, पडक्या भिंतीत जातं. नवं उंबर लावायला माणूस लागत नाही, फक्त जुनं राखावं लागतं.

रात्री ९:००
काकांना निरोप धाडला: वावरावर झुकलेल्या दोन फांद्या पावसाआधी छाटू, पाला शेळ्यांना घालू. खोडाला कुऱ्हाड लावायची नाही. कापसाच्या चार ओळींचं नुकसान मला सोसेल. उन्हाळ्यात इतक्या जीवांना पोसणारं झाड तोडलं, तर ते नुकसान भरून काढायला माझा जन्म पुरायचा नाही.