ताठरतेचे गुपित सैलपणात

1983 साली लास वेगासमध्ये मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. जाइल्स ब्रिंडली हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चक्क ट्रॅकसूटमध्ये व्याख्यानाला उभे राहिले. येण्यापूर्वी हॉटेलच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या लिंगात औषधाचे इंजेक्शन घेतले होते. व्याख्यान देताना कुणाला कामेच्छा होत नसते, एवढे श्रोत्यांना पटवून त्यांनी सरळ विजार खाली केली आणि पुरावाच दाखवला.

असभ्य म्हणा हवे तर, पण प्रयोग चोख होता. ना इच्छा, ना स्पर्श. औषधाने स्नायू सैल पाडले आणि ताठरता आली.

आपल्या कल्पनेच्या हे अगदी उलटे आहे. एरवी शिथिल दिसणाऱ्या लिंगातले सूक्ष्म स्नायू प्रत्यक्षात सारा वेळ आखडून बसलेले असतात आणि आत रक्त जेमतेमच येऊ देतात. ते सैल पडले की आतल्या दोन लांबट, सच्छिद्र दंडगोलांत रक्त भरभरून येते. भोवतीचे आवरण चिवट असते. टायरमध्ये फुगणाऱ्या ट्यूबसारखा आतला भाग त्या आवरणावर दाबला जातो आणि मधल्या शिरा चेपून रक्त बाहेर पडायची वाट बंद होते. हाड नाही, सांधा नाही, सगळा कारभार रक्ताच्या दाबावर!

‘सैल हो’ हा निरोप देतो एक वायू, नायट्रिक ऑक्साइड. गाड्यांच्या धुरात सापडणारा, शरीरात काही सेकंदांपुरता जगणारा हा रेणू मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटतो. त्याचे हे काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 साली नोबेल मिळाले. त्याच वर्षी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, बाजारात आली. ती शोधली जात होती छातीतल्या कळांसाठी. चाचणीतल्या पुरुषांनी दुसराच परिणाम सांगितला. गोळी इच्छा निर्माण करत नाही. निरोप पोचल्यावर स्नायू सैल ठेवणारे रसायन ती लवकर मोडू देत नाही, एवढेच.

मग बिघडते कुठे? भीती वाटली की शरीर ॲड्रेनालिनच्या जातीची रसायने सोडते आणि ती हेच स्नायू आवळतात. ‘आज जमेल ना?’ ही धास्तीच जमू देत नाही, आणि एकदा फसले की पुढच्या खेपेला धास्ती दुप्पट. पण झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, ही पकड सुटते. निरोगी पुरुषाला रात्रीत तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पूर्वी काही डॉक्टर रुग्णाला झोपताना लिंगाभोवती टपाल तिकिटांची पट्टी चिकटवायला सांगत. सकाळी ती फाटलेली दिसली, तर यंत्रणा शाबूत असल्याची शक्यता जास्त.

पट्टी फाटली नाही, तर शरीरात शोधायला हवे. मधुमेह इथे दोन्हीकडून मारतो, मज्जातंतूही आणि रक्तवाहिन्यांचे अस्तरही. तंबाखू, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल त्या अस्तराच्याच मुळावर येतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत शेजारून जाणारे मज्जातंतू दुखावू शकतात, आणि नैराश्यावरची किंवा रक्तदाबावरची काही औषधेही आड येतात. लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती रंगवणारे वैद्य मात्र सगळा दोष ‘लहानपणीच्या चुकां’वर ढकलतात. हस्तमैथुनाने रक्तवाहिन्या खराब होत नाहीत; विडीने होतात.

मला सर्वांत थक्क करते ते एक साधे माप. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार. अस्तर खराब होऊ लागले की साहजिकच बारीक नळी आधी अडते. त्यामुळे छातीत कळ येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच काहींना ताठरतेची तक्रार सुरू होते. पन्नाशीचा माणूस लाजत, दार लावून घेऊन डॉक्टरला हे सांगतो आणि डॉक्टर साखर, रक्तदाब तपासून ईसीजी काढायला सांगतात, त्याचे कारण हे.

अशा वेळी मित्राकडून गोळी मागून घेणे धोक्याचे असते. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडते. तिच्या जोडीला सिल्डेनाफिल पोटात गेली, तर सगळ्याच रक्तवाहिन्या एकदम सैलावतात आणि रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.