जुन्या मॉरिसची निगा आणि गृहस्थाची यतना

पेढीच्या मागच्या आवारात, बारदानाच्या थप्प्यांपलीकडे, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली जुनी मोटार अनेक व्यापारी घराण्यांच्या आठवणीत असते. आजोबांच्या काळी ती वसुलीला जाई, लग्नसराईत फुलांनी सजे, सहकुटुंब तीर्थयात्रेला निघे. पुढे नव्या गाड्या आल्या आणि ती जागीच उभी राहिली. मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत प्रश्न निघतो : विकावी, भंगारात द्यावी, की पुन्हा रस्त्यावर आणावी? खतावणीच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे, कारण तिचा घसारा कधीच पूर्ण झालेला असतो. तरीही घराचा निर्णय तेवढ्यावर होत नाही. गाडी जर मॉरिस मायनरसारखी ब्रिटिश बनावटीची असेल आणि घर जैन असेल, तर तिच्या दुरुस्तीत यंत्राबरोबर आचाराचेही प्रश्न उभे राहतात.

मॉरिस मायनर ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस. पुढे १९५९ मध्ये आलेली प्रसिद्ध ‘मिनी’ही त्यांचीच. मायनरचा नमुना तयार झाल्यावर तो त्यांना अरुंद वाटला. त्यांनी गाडी लांबीत मधोमध कापून घेतली, दोन्ही भाग चार इंच दूर सरकवले आणि तीच रुंदी कायम केली. बॉनेटच्या मध्यावरची सपाट पट्टी आजही त्या फेरविचाराची साक्ष देते. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश मोटार. १९७१ पर्यंत अशा सुमारे सोळा लाख गाड्या तयार झाल्या.

भारताशी तिचे नाते जवळचे आहे. हिंदुस्थान मोटर्सची ‘बेबी हिंदुस्थान’ मायनरवरच बेतलेली होती. त्याच कारखान्याची अॅम्बॅसॅडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची भारतीय आवृत्ती. तिचे उत्पादन थेट २०१४ पर्यंत चालले. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले जैन उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्या कंपनीने अमेरिकन आणि नंतर इटालियन गाड्यांचा मार्ग धरला. त्यामुळे जुन्या पिढीच्या दारात कुठे मॉरिस, कुठे डॉज, तर कुठे फियाट दिसे.

उभी गाडी पुन्हा चालू करताना पहिली परीक्षा पत्र्याची असते. मायनरला स्वतंत्र सांगाडा नाही, तिचे शरीर हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालच्या पट्ट्यांना किंवा मागच्या पाट्यांच्या आधारांना लागलेला गंज केवळ दिसण्याचा दोष नसतो. त्याने गाडीचे बळच जाते. वरून रंग चढवून तो झाकणे म्हणजे तोट्याची रक्कम खात्यात न दाखवणे होय. जाणता मिस्त्री आधी रंग खरवडतो, कुजलेला पत्रा कापतो, नवा पत्रा जोडतो आणि मगच रंगाकडे वळतो.

दुसरी परीक्षा पुढच्या चाकांची. चाक धरून ठेवणारा उभा दांडा वर आणि खाली आटे असलेल्या तुकड्यांत फिरतो. त्या तुकड्यांना ट्रनियन म्हणतात. तेथे नियमाने ग्रीस भरावे लागते. सुमारे १,००० मैल, म्हणजे १,६०० किलोमीटर झाले की ग्रीसगन हाती घ्यावी, असा जुना परिपाठ आहे. तो चुकला की आटे झिजतात आणि एखाद्या वळणावर चाक आडवे होऊन गाडी खाली बसते. दोन मिनिटांचे काम टाळल्याने प्राणावर बेतू शकते. आपल्या परंपरेत प्रमाद हा दोष का मानला आहे, हे येथे प्रत्यक्ष कळते.

बाकीची कामेही अशीच बारकाईची आहेत. एस. यू. कार्ब्युरेटरच्या माथ्यावरील नळीत थोडे पातळ तेल लागते. ते आटले की वेग वाढवताना गाडी अडखळते. पॉइंटमधील अंतर ०.०१५ इंच आणि ए-मालिकेच्या इंजिनाच्या टॅपेटचे ०.०१२ इंच, ही मापे फीलर गेजने पाहावी लागतात. अंदाज तेथे चालत नाही. ब्रेकच्या तेलाची टाकी चालकाच्या पायाखाली, फरशीच्या आत दडलेली असते, म्हणून ती हमखास विसरली जाते. बॅटरीचे धन टोक गाडीच्या शरीराला जोडलेले असते. आजच्या गाड्यांत हे नेमके उलट असल्याने सवयीने तारा जोडणारा कारागीर नुकसान करून बसतो. इंधनाचीही काळजी आहे. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्वच्या बैठका त्या शिशावर विसंबून होत्या, म्हणून तेथे कठीण धातूच्या कड्या बसवून घेणे हिताचे. पेट्रोलमधील इथेनॉलने जुने रबर खराब होते, तेव्हा इंधनाच्या नळ्याही बदलाव्यात.

हे सारे झाल्यावर गाडी आसने शिवणाऱ्या कारागिराकडे जाते आणि जैन घरासमोर खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांचा लौकिक कातड्याच्या आसनांशी जोडलेला आहे. हौशी संग्राहक सांगतात की मूळ गाडीत कातडे असेल तर पुन्हा कातडेच हवे. अन्यथा स्पर्धेत गुण कापले जातात आणि विक्रीत किंमत उतरते. घरातील तरुणाला ते पटते. आजी मात्र त्या गाडीत बसणार नाही, असे स्पष्ट सांगते.

या वादात इतिहास आजीच्या बाजूने आहे. मायनरच्या साध्या आवृत्तीची आसने कारखान्यातूनच कृत्रिम आवरणाची येत. कातडे डीलक्स आवृत्तीत मिळे आणि १९६० च्या दशकात तेथेही कृत्रिम आवरण आले. आपण ज्याला सर्रास रेक्झिन म्हणतो, तेही मुळात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावी तयार होणाऱ्या कापडाचे व्यापारी नाव. रासायनिक लेप दिलेले ते कापड ब्रिटिश मोटारींत वापरले जात असे. तेव्हा मायनरमध्ये कातडे नसणे हे तिच्या ब्रिटिशपणाला बाध आणणारे नाही.

धर्माच्या बाजूने पाहिले तर भेद आणखी स्पष्ट होतो. कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही वाटांनी हिंसेचा दोष लागतो, असे आपले आचारशास्त्र सांगते. नवे कातडे मागवणे म्हणजे कारित. दुसऱ्याच्या गाडीतील कातड्याचे कौतुक करून तसेच हवेसे वाटणे म्हणजे अनुमोदनेकडे जाणे. जुन्या आसनांवर पूर्वीचेच कातडे असेल, तर मते भिन्न असू शकतात. कोणी म्हणेल की त्यासाठी आता नवा जीव जाणार नाही. कोणाला त्याचा स्पर्शही नकोसा वाटेल. तो निर्णय घराने एकत्र बसून घ्यावा. नवे आवरण करताना मात्र जाड सुती कापड किंवा रेक्झिन पुरेसे आहे. स्पर्धेतील चार गुण गेले तर जावोत. व्रतापायी सोडलेल्या नफ्याचा हिशेब आपल्या पेढ्यांना नवा नाही.

कायद्याचीही यात अडचण दिसत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मूळ रूप बदलणारे फेरफार नसावेत, ही मुख्य अट आहे. आसनांच्या कापडाचा तिच्यात उल्लेख नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नवी नोंदणी झाल्यास क्रमांकात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात. अशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या दुकानाच्या फेऱ्यांसाठी ती वापरता येत नाही.

गाडी बाहेर काढण्यापूर्वीची पाहणी जैन घरात थोडी अधिक असावी. बरेच दिवस उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटखाली चिमणीचे घरटे, कोळ्याचे जाळे किंवा मुंग्यांची रांग आढळू शकते. चाकांच्या सावलीत मांजराची पिल्ले विसावलेली असतात. स्टार्टर ओढण्याआधी बॉनेट उघडून आणि वाकून खाली पाहणे ही यतना. उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून विष ठेवण्यापेक्षा आवार स्वच्छ ठेवावे आणि धान्याची पोती गाडीपासून दूर रचावीत. फेरी सकाळची ठेवावी. जुने दिवे मंद असतात आणि तिन्हीसांजेला त्यांच्याभोवती पतंग जमतात. चातुर्मासात तर गाडी ताडपत्रीखालीच बरी. पावसाळी ओलीने पत्रा गंजतो आणि रस्त्यावर जीवजंतूही पुष्कळ असतात. मायनर मुळातच सावकाश चालवण्याची गाडी आहे. तिचे ब्रेक आजच्या गाडीइतके तत्पर नाहीत, म्हणून पुढच्या वाहनापासून अंतर राखूनच ती हाकावी लागते. चालताना जमिनीकडे लक्ष ठेवण्याची ईर्या समिती साधूंसाठी सांगितली आहे. चाकावर हात असलेल्या गृहस्थालाही तिच्यातून घेण्यासारखे आहे.

एक सावधगिरी शेवटी उरते. एक गाडी नीट झाली की दुसरी आणावीशी वाटते, मग तिसरी. परिग्रह वस्तूंच्या संख्येइतकाच मनाच्या आसक्तीत असतो, हे लक्षात ठेवून घराने आधीच मर्यादा ठरवावी : आजोबांची ही एक गाडी, तिच्यापुरता वार्षिक खर्च, आणि तो रोजमेळात उघडपणे नोंदलेला. त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर ग्रीस कधी भरले, तेल कधी बदलले, ब्रेक कधी पाहिले यांच्या तारखा लिहिल्या जाव्यात. पुढच्या पिढीच्या हाती किल्लीबरोबर ती वहीही द्यावी. गाडी कशी सांभाळली आणि काय नाकारून सांभाळली, हे मुलांना त्या पानांवरून कळेल.