पक्षी मोजणाऱ्याची जबाबदारी

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो. घराच्या गच्चीवरूनही त्यात भाग घेता येतो: किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे, ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवायचे. साळुंक्या दिसल्या, पण मोजल्याच नसतील तर आकडा ठोकून देऊ नये. त्या जागी ‘एक्स’ लिहायची सोय आहे. ओळख पटली नाही, तर तसंच सांगावं. यादी वाढवायचा मोह सगळ्यात घातक. घरट्याजवळ जाऊन फोटो काढणं तर नकोच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी छेडणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. शिकारीचा किंवा त्रासाचा धोका असलेल्या काही पक्ष्यांची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःच झाकून ठेवतं. मग आपण ती व्हॉट्सॲप ग्रुपवर कशाला टाकायची? आणि हो, दुर्बीण समोरच्या फ्लॅटच्या खिडकीकडे वळली, तर शेजाऱ्यांना पक्ष्यांचं कारण पटणार नाही.